हा कागद कोणाच्या गरजेचा?

वकीलबाई : सर, या शोधाचा पायाच मला पटत नाही. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा खटला उघडायचा, त्यातलं एक नाव उचलायचं, ते जहाजाच्या यादीत शोधायचं आणि मग सिडनीतल्या किंवा होबार्टमधल्या एखाद्या घराने म्हणायचं, ही आमची मूळ बाई. पण तो कागद तिच्याविरुद्ध लिहिलेला आहे. लिहिणारा एक तर सरकारी कारकून, नाहीतर खटल्यांच्या पुस्तिका छापून विकणारा प्रकाशक. तिच्या बाजूने बोलायला वकील नव्हता, खटला झटपट आटोपलेला. फिर्यादीच्या तक्रारीवरून आरोपीचं चरित्र लिहायला बसावं, तसं हे झालं. विरुद्ध पक्षाने असा कागद माझ्यासमोर आणला तर मी त्याची एकेक ओळ खोडून काढीन. आणि वारसांनी तोच कागद फ्रेम करून भिंतीवर लावायचा?

लेखक : खोडून काढालच, आणि त्यातल्या बऱ्याच ओळी खोडण्याजोग्या आहेतही. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे बाजू मांडण्याचा हक्क इंग्लंडात १८३६ साली मिळाला. आरोपीला सर्रास सगळ्या खटल्यांत शपथेवर साक्ष देता येऊ लागली ती १८९८ पासून. १७१८ च्या हद्दपारीच्या कायद्यानंतर अमेरिकेतल्या वसाहतींकडे सुमारे ५० हजार माणसं पाठवली गेली, आणि १७८७ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियाकडे सुमारे १ लाख ६२ हजार. त्यातल्या बहुतेकांची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचलेली नाही. इथवर आपलं दुमत नाही. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. कागद विरुद्ध पक्षाचा आहे, एवढ्यावरून त्यातलं सगळंच बाद होत नाही. तो कोणत्या कामासाठी लिहिला होता हे आधी विचारायचं. ज्या बाबतीत चूक झाली तर कारकुनाचं काम अडलं असतं, ती बाब त्याने बहुधा नीट लिहिलेली असते. ज्या गोष्टीशी त्याला कर्तव्य नव्हतं, किंवा जिथे खोटं लिहिणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, तिथे आपण सावध व्हायचं. हद्दपार पूर्वजाचा शोध म्हणजे मुख्यतः ही वाटणी, आणि ती ओळीओळीला करावी लागते.

मेरी वेडचा खटला घ्या. ऑक्टोबर १७८८ मध्ये लंडनमध्ये मेरी फिलिप्स नावाची आठ वर्षांची मुलगी पाणी आणायला बाहेर पडली होती. मेरी वेड, वय अवघं अकरा, आणि तिच्याहून थोडी मोठी जेन व्हायटिंग, या दोघींनी तिला एका शौचकुपात नेलं आणि तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. एक सुती झगा, खांद्यावरून घ्यायचं लिननचं वस्त्र आणि लिननचीच टोपी. झगा गहाणवटीच्या दुकानात गेला. १४ जानेवारी १७८९ रोजी खटला चालला आणि दोघींना फाशी सुनावली गेली, कारण आरोप साध्या चोरीचा नव्हता, धाक घालून केलेल्या लुटीचा होता. मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाल्याचं जाहीर झालं आणि फाशीच्या कोठडीतल्या बायकांना हद्दपारीच्या अटीवर माफी देऊ केली गेली. मेरी ‘लेडी जुलियाना’ जहाजाने ३ जून १७९० रोजी सिडनीला पोचली. तिथून नॉरफोक बेट, मग पुन्हा न्यू साउथ वेल्स, जोनाथन ब्रूकरबरोबरचा संसार, शेती, मुलंबाळं, आणि १८५९ साली मृत्यू. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड यांच्या पूर्वजांत तिचं नाव येतं. आता, त्या आठ वर्षांच्या मुलीला किती धाक घातला गेला, हे मी या कागदावरून सांगणार नाही. आरोपपत्रातलं धाकाचं वाक्य ठराविक साच्याचं आहे. लुटीचं कलम लावायचं तर ते लिहावंच लागे. झगा, खांद्यावरचं वस्त्र आणि टोपी यांवर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे, कारण चोरीचा माल ओळखून दाखवल्याशिवाय खटला उभाच राहत नव्हता. एका साध्या घरातल्या मुलीच्या अंगावर त्या दिवशी काय होतं, हे चर्चच्या नोंदवहीत कधीही सापडलं नसतं. तिथे गरिबाच्या वाट्याला तीन ओळी येतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन.

आणि या बायकांचा आवाज कागदात अजिबात नाही असंही नाही. १७८९ च्याच एप्रिलमध्ये फाशीच्या कैदी बायकांना एकेक करून कोर्टापुढे आणलं आणि विचारलं, राजाची माफी हद्दपारीच्या अटीवर स्वीकारता का? काही जणींनी भर कोर्टात साफ नकार दिला. सारा काउडन त्यांतली एक. न्यू साउथ वेल्सला जाण्यापेक्षा इथे फाशी गेलेलं बरं, असं तिचं म्हणणं होतं. न्यायाधीश संतापले, समजावणी झाली, धमक्या झाल्या. हे सगळं छापलं गेलं. तिची बाजू मांडावी म्हणून ते कोणी छापलेलं नाही. माफी स्वीकारली की नाकारली, याची नोंद असल्याशिवाय पुढचा हुकूम काढता येत नव्हता. म्हणून तो नकार राहिला.

वकीलबाई : माल ओळखावा लागायचा, मान्य. पण मालाची किंमत? राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला तर फाशी, असा कायदा होता. म्हणून ज्यूरी निकालात किंमत लिहायची ३९ शिलिंग. शपथ घेतलेल्या बारा माणसांनी डोळ्यांदेखतच्या मालाची किंमत खोटी लिहायची आणि न्यायाधीशाने ती मान्य करायची. असं एकदा-दोनदा नव्हे, पिढ्यानपिढ्या चाललं. कोर्टाचा कागदच जिथे जाणूनबुजून खोटा, तिथे तुमची वाटणी कशावर उभी राहणार? वारस बिचारा तो ३९ चा आकडा खरा धरून आजच्या पैशांत हिशेब करत बसतो.

लेखक : वकीलबाई, तुम्ही माझाच साक्षीदार उभा केलात. १८२७ साली ही मर्यादा ४० शिलिंगांवरून ५ पौंडांवर नेली गेली. त्याबरोबर ज्यूरीची किंमतही चढली आणि निकालात ४ पौंड १९ शिलिंग दिसू लागले. चोरांनी काही एका रात्रीत महाग माल चोरायला सुरुवात केलेली नव्हती. आकडा कायद्याच्या रेषेला चिकटून तिच्याबरोबर सरकला. म्हणजे हे खोटं कोणत्या बाजूला झुकलंय आणि का, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि ज्या खोट्याची दिशा ठाऊक असते ते पुराव्यात वापरता येतं. अशा खटल्याच्या छापील वृत्तांतात आरंभी आरोपपत्रातली किंमत असते आणि शेवटी निकालातली. वारसाने दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वर काही पौंडांचा माल आणि खाली ३९ शिलिंग असं दिसलं, तर मालाबद्दल वरचा आकडा जास्त जवळचा. खालचा आकडा वेगळंच काही सांगतो. त्या कोर्टात बारा माणसांनी आपल्या पूर्वजाकडे पाहिलं आणि याला मारायचं नाही असं ठरवलं. का, ते त्यांनी लिहिलं नाही. वय असेल, पहिलाच गुन्हा असेल, शेजाऱ्यांनी चांगल्या वागणुकीची ग्वाही दिली असेल. पण ठरवलं हे नक्की. माझ्या मते खटल्याच्या वृत्तांतात वंशजाच्या हाती लागणारी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

वकीलबाई : समजा हेही मानलं. पण हा माणूस तोच, हे कसं सिद्ध करणार? जॉन स्मिथ, मेरी ब्राउन, विल्यम जोन्स. अशी नावं एकेका वर्षात डझनांनी. शिवाय टोपणनावं आणि खोटी नावं. ओळखपरेड घ्यायला कोणी हयात नाही. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत तर एकाने चुकीचा जॉन स्मिथ घातला की पुढचे पन्नास जण तोच उचलतात. माझ्या धंद्यात याला ऐकीव पुरावा म्हणतात.

लेखक : नावावर भिस्त ठेवणारे फसतातच, कारण कारकुनाचीही भिस्त नावावर नव्हती. एका वसाहतीत तीस जॉन स्मिथ असतील तर पळालेला कोणता आणि मुदत संपलेला कोणता, हे त्याला रोज ठरवावं लागे. त्याने तोडगा काढला तो जहाजाच्या नावाचा. कैदी कोणत्या जहाजाने आला, त्याचा खटला कुठे आणि कधी झाला, शिक्षा सात वर्षांची, चौदाची की जन्माची, हे त्याच्या नावाबरोबर कायमचं जोडलं गेलं. मुदतीआधी मोकळीक देणारा परवाना, शिक्षा संपल्याचा दाखला, लग्नासाठीचा अर्ज, जिथे पाहावं तिथे नाव आणि जहाज जोडीने येतात. १८२८ च्या न्यू साउथ वेल्सच्या जनगणनेत स्वखुशीने आलेला, वसाहतीतच जन्मलेला, शिक्षा भोगून मुक्त झालेला अशा खुणा प्रत्येक नावापुढे आहेत, आणि तिथेही जहाज व साल आहे. म्हणून मी म्हणेन, नाव जुळलं की शोध सुरू झाला एवढंच समजावं. जहाज, खटल्याची तारीख आणि शिक्षेची मुदत ही तिन्ही जुळेपर्यंत नातं लिहू नये.

याच्याही पुढे जाऊन टास्मानियाचे कागद पाहा. त्या बेटावर ७० हजारांहून जास्त कैदी उतरले आणि त्यांचं दफ्तर इतकं बारकाईचं आहे की ऑस्ट्रेलियाच्या कैदी-नोंदींना २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर जागा मिळाली. वर्णनाच्या वहीत छापील रकाने आहेत: व्यवसाय, बूट काढून मोजलेली उंची, वय, वर्ण, डोक्याचा आकार, केस, कल्ले, चेहरा, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात व्रण, वाकडं बोट, देवीचे वण आणि गोंदण. नांगर, हृदय, क्रूस, आईबापांची, बहिणींची, प्रेयसीची आद्याक्षरं. हे कुतूहल म्हणून लिहिलेलं नाही. पळाला तर गॅझेटात छापायचं आणि धरून आणायचं, यासाठी लिहिलेलं आहे. उंची चुकली असती तर भलताच माणूस पकडला गेला असता. म्हणून उंची खरी, व्रण खरा आणि दंडावरची अक्षरंही खरी. आणि त्या अक्षरांतून कधी कधी विलायतेतल्या घरातली नावं जुळतात. पळालेल्याला धरण्यासाठी लिहिलेला शेरा दोनशे वर्षांनी त्याचं मूळ घर दाखवतो. टास्मानियात होबार्टला उतरल्यावर कैद्याला आपला गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगावा लागे, तेव्हा कारकुनापुढे विलायतेहून आलेले कागद असत. खोटं बोललं तर उघडं पडेल या भीतीने कित्येक जण कोर्टात कधी न सांगितलेलंही सांगून मोकळे होत. याआधी कितीदा तुरुंगात गेलो, कोणासाठी चोरलं, घरी कोण आहे, सगळं. तुमच्या भाषेत दबावाखालचा जबाब, मान्य. पण दबाव खरं काढण्यासाठी होता आणि पडताळणी हाताशी होती.

जिथे साखळी तुटते तिथे मात्र ती तुटली असंच म्हणावं. १९२२ मध्ये डब्लिनचं सरकारी दफ्तर आगीत गेलं आणि आयर्लंडच्या जुन्या खटल्यांचा मोठा भाग त्यात गेला. १९८८ साली आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला हद्दपारांच्या उरलेल्या नोंदींचा संगणकीय संच भेट दिला, त्याने पुष्कळांची सोय झाली, तरी खटल्यात काय घडलं ते परत येत नाही. बायकांच्या बाबतीत तर लग्नाने आडनाव बदललं की धागा हातातून सुटतो. इथे शोधाची दिशा कामी येते. खटल्याकडून पुढे आलं तर वाटेत पन्नास मेरी ब्राउन भेटतात. आजच्या घरातून मागे गेलं तर प्रत्येक पायरीला एकच आई असते. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून सरकारी जन्ममृत्यू-नोंदणी सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यावर मृताचे आईबाप, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं, जोडीदार, मुलं असे रकाने आहेत. माहिती देणारा बहुधा मुलगा किंवा जावई. त्याला लाज असेल तर वसाहतीतल्या वर्षांचा आकडा तो हमखास बदलणार. मुलांची नावं बदलून त्याला काही मिळत नव्हतं. इथेही तीच वाटणी लागू पडते.

वकीलबाई : लाजेचं तुम्ही म्हणालात, त्यावरच माझा मोठा आक्षेप आहे. ज्यांनी हयातभर दडवलं, नाव बदललं, मुलांना कळू दिलं नाही, त्यांचं दडवलेलं उकरायचा वारसाला काय हक्क? आणि आता तर लाज गेली, तिच्या जागी मिरवणं आलं. आमचा पूर्वज रोटीसाठी चोरी करून हद्दपार झालेला गरीब बिचारा, आम्ही त्या सोसलेल्याची लेकरं. या गोष्टीत त्या भूमीवर आधीपासून राहणारी माणसं कुठेच येत नाहीत. कैद्याला बळी ठरवलं की त्याच्या हातून गेलेले बळी आपोआप दिसेनासे होतात.

लेखक : हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. दडवण्याचा हक्क माणसाबरोबर संपतो असं मी मानत नाही, म्हणून वंशजाने काय छापावं यावर मर्यादा असावी हे मला पटतं. पण मिरवण्याची गोष्ट जी रचली जाते, ती अर्धे कागद वाचून रचली जाते. उरलेले वाचले की ती टिकत नाही. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समध्ये मायॉल क्रीक इथे विर्रायाराय या मूलनिवासी लोकांपैकी किमान २८ जणांची कत्तल झाली, त्यात बरीचशी बायका-मुलं आणि म्हातारी माणसं. मारणारे बारा जण, आणि त्यांतले अकरा कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले कैदी होते. अकराही जणांवर खटला झाला, सात जण त्या डिसेंबरात फासावर गेले. बारावा जॉन फ्लेमिंग. तो मुक्त घरात, वसाहतीतच जन्मलेला. तो कधी पकडला गेला नाही. आता ज्यांचे पूर्वज त्या अकरांत आहेत, त्यांनी शोध विलायतेतल्या खटल्यापाशी थांबवला तर हाती गरीब बिचारा पूर्वज येईल. त्याच्या नावामागचं जहाज धरून पुढे आलं तर हाच माणूस दुसऱ्यांदा कोर्टात उभा दिसेल, या वेळी खुनासाठी. २००० साली तिथे स्मारक उभं राहिलं तेव्हा मारल्या गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोन्हींचे वंशज एकत्र आले होते. मारणाऱ्यांच्या वंशजांना तिथे आणलं ते याच कागदांनी. नावनिशीवार, नीट लावलेली नोंद होती म्हणून त्यांना टाळता आलं नाही.

वकीलबाई : ऑस्ट्रेलियात दोनशे वर्षं उलटलीत आणि वंशज सुस्थितीत आहेत. तिथे हे चालतं. हेच आपल्याकडे आणून पाहा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जो पुढे मुंबई इलाख्यालाही लागला. पारधी, बेरड, कैकाडी, कितीतरी जमातींची माणसं जन्मतःच गुन्हेगार म्हणून वहीत चढवली. रोजची हजेरी, गाव सोडायला पास, सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आलाच. आजही कुठे चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. त्या पोरांना तुम्ही सांगणार, जा, दफ्तरखान्यात जाऊन आपल्या आजोबाचं नाव गुन्हेगारांच्या वहीत शोध?

लेखक : नाही, असं मी कोणालाही सांगणार नाही, आणि न सांगण्याचं कारण मघाच्याच कसोटीतून निघतं. ओल्ड बेलीच्या किंवा होबार्टच्या कारकुनाला एक विशिष्ट माणूस हवा होता. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक वस्तू घेणारा, अमुक उंचीचा. कागद अन्यायी कायद्याचा असला तरी त्याची नजर एका माणसावर होती, म्हणून त्यात माणूस उरला. गुन्हेगार जमातींच्या वहीची गरज उलट होती. तिथे कृत्य सिद्ध करायचंच नव्हतं. अख्खी जमात नजरेखाली ठेवायची होती, आणि त्यासाठी कोणी काही केलं असण्याची अट काढून टाकायची होती. त्या वहीतलं नाव त्या माणसाबद्दल फक्त तो त्या घरात जन्मला एवढंच सांगतं. ते सरकारच्या वागण्याचा पुरावा आहे आणि सरकारविरुद्धच वापरावा. हजेरी किती वाजता होती, पास कोण देत होतं, मुलांना आईबापांपासून कुठे ठेवलं, हे त्यातून काढावं. पण हद्दपार कैद्याची नोंद आणि ही वही एका रांगेत ठेवून दोन्हींना ‘गुन्हेगार पूर्वजाचे कागद’ म्हणणं ही इतिहासाची चूक आहे आणि आज जिवंत असलेल्या माणसांवर अन्याय आहे. ती वही कोणी, कशासाठी उघडायची, हे ठरवण्याचा पहिला अधिकार मी विमुक्तांच्या लेकरांकडे देईन. लक्ष्मण मान्यांनी, लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या लोकांचं जगणं स्वतः लिहून दाखवलं आहे. त्यांना कारकुनाच्या साक्षीची गरज पडली नाही.

वकीलबाई : हे ऐकून बरं वाटलं. पण मग मराठी वाचकासाठी उरतं काय? काळं पाणी म्हटलं की आपल्यापुढे सेल्युलर जेल, कोलू आणि सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ येतं. फार तर वासुदेव बळवंत फडके आणि एडन. राजबंद्यांची नावं जेलमध्ये संगमरवरावर कोरलेली आहेत. त्यांना शोधावं लागत नाही.

लेखक : तेच माझं दुःख आहे. सेल्युलर जेल १९०६ साली पुरा झाला, आणि हिंदुस्थानातली हद्दपारी त्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची. १७८७ पासून सुमात्रातलं बेंकुलेन, १७९० पासून पिनांग, १८१५ ते १८३७ मॉरिशस, १८२५ पासून मलाक्का आणि सिंगापूर, पुढे ब्रह्मदेशाचा किनारा, एडन, आणि १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर २०० कैदी घेऊन अंदमानात उतरला. मॉरिशसला बंगाल आणि मुंबई इलाख्यातून मिळून सुमारे दीड हजार कैदी गेले. रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये बीगल जहाजावरून आलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यांतलं भारदस्तपण आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. या हद्दपार कैद्यांत दरोड्याच्या, खुनाच्या, जनावरांच्या चोरीच्या शिक्षा झालेली साधी माणसं होती. दख्खन आणि कोकणही मुंबई इलाख्यातच होतं. त्यांच्यासाठी कोणी आत्मचरित्र लिहिलं नाही, त्यांचं नाव दगडावर नाही. जे आहे ते शिक्षेच्या कागदातच आहे.

आणि हे कागद इंग्लंडच्या कागदांसारखे वाचता येत नाहीत, कारण गरज तीच असली तरी कारकून परका होता. नाव त्याने कानाला ऐकू येईल तसं रोमन लिपीत उतरवलं. एकाच माणसाचं नाव मुंबईत एक, जहाजावर दुसरं आणि बंदरावर तिसरं. नावाच्या अचूकपणाची त्याला गरज नव्हती, कारण माणूस ओळखायला त्याच्याकडे क्रमांक आणि शरीर होतं. बंगालमध्ये तर १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर गुन्हा गोंदवत. ती पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. टास्मानियाच्या कैद्याच्या दंडावरची आद्याक्षरं त्याने स्वतः गोंदवून घेतलेली होती. इथे माणसाचं कपाळच सरकारचा कागद झालं. पुढे अंदमानात गळ्यात बिल्ला आला, त्यावर क्रमांक, कलम आणि सुटकेची तारीख. जातीचा रकाना भरलेला असतो, पण तोही जपून वाचावा. कैद्यांची विभागणी करायला साहेबाला ठोकळे हवे होते, आणि कैद्याने सांगितलेली पोटजात त्या ठोकळ्यात बसवली जाई. मग भरवशाचं काय? शिक्षा देणारा जिल्हा, निकालाची तारीख, मुदत, जहाज, उंची, अंगावरच्या खुणा. मुंबईहून गेला तोच माणूस बंदरावर उतरला, अदलाबदल झाली नाही, हे सिद्ध करायला दोन्ही टोकांना एवढंच लागत होतं.

म्हणून शोध घ्यायचा तर नावावरून घेऊच नये. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, तिथे न्याय खात्याचे खंड आहेत. त्यांच्या जोडीच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दुसरं टोक मॉरिशस आणि सिंगापूरच्या दफ्तरांत. मॉरिशसच्या मराठी घरांना १८३४ नंतर करारावर आलेल्या पूर्वजांची नोंद महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मिळते, पुढच्या काळातल्या कित्येकांचा फोटोही मिळतो. कैदी मात्र करारावर आलेला नव्हता, त्यामुळे त्या वह्यांत त्याला शोधून उपयोग नाही. तो कैद्यांच्या दफ्तरातच पाहावा लागतो. एका टोकाला निकाल आहे, दुसऱ्याला उंची आणि व्रण आहे, मधे समुद्र. मुंबईच्या खंडांची सूची कोणी करायला घेतली तर माझा आग्रह एवढाच राहील की ती कैद्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने लावू नये. जिल्हा, निकालाचं साल आणि जहाज यांनी लावावी.

वकीलबाई : आणि जातीचा रकाना?

लेखक : तो सूचीत घेऊ नये. ज्याला मूळ खंड उघडायचा असेल त्याला तो तिथे दिसेलच, पण त्याआधी उंची, व्रण आणि तारीख जुळवण्याचं काम त्याने केलेलं असेल.